दारातली हाक

वनाजच्या पुढे, जिथे आज पुणे मेट्रोचे डबे रात्री मुक्कामाला येतात, तिथे एकेकाळी कोथरूडचा कचरा डेपो होता. जुन्या कोथरूडकरांच्या नाकात तो वास अजून आहे. वस्ती वाढली, लोकांनी विरोध केला आणि शहराचा कचरा दुसऱ्या टोकाला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊ लागला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, ढिगांना आगी लागत राहिल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये अशाच एका आगीनंतर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि जवळपास तीन आठवडे पुण्यातल्या पेठांत, रस्त्यांच्या कोपऱ्यांवर कचरा साठत राहिला. आपल्या घरातून रोज काय बाहेर पडतं, हे त्या दिवसांत पुष्कळ पुणेकरांनी पहिल्यांदा नीट पाहिलं.

शहर पर्यावरणाला झेपेल असं कसं करायचं, हा प्रश्न निघाला की बोलणं मोठ्या योजनांवर जातं. मेट्रो, नदीकाठ, सौर प्रकल्प. पण निसर्गावर आपण किती ओझं टाकतो याचा बराचसा निकाल स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, हॉटेलच्या मोरीत आणि भंगाराच्या दुकानातल्या काट्यावर लागत असतो. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत पुण्यातल्या रहिवाशांनी, दुकानदारांनी, उद्योजकांनी आणि कष्टकऱ्यांनी या पातळीवर पुष्कळ काही करून पाहिलं. त्यातलं काही टिकलं, बरंचसं विरलं. ते सगळं एकत्र ठेवून पाहताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या प्रयत्नात कुणाच्या तरी हाताला काम आणि त्या कामाला दाम मिळालं, आणि देणाऱ्याला घेणाऱ्याचा चेहरा माहीत होता, तो प्रयत्न टिकला. ज्यामागे नुसता उत्साह होता किंवा नुसतं यंत्र होतं, त्याची दोन-चार वर्षांत आठवणच उरली.

या गोष्टीची सुरुवात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांपासून करायला हवी. त्यांच्यातल्या अनेकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आली. बहुतेक दलित, बहुतेक भूमिहीन. गावाकडे शेतमजुरी होती, इथे उकिरडा होता. नव्वदीच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांबरोबर काम करू लागल्या. कचराकुंडीत हात घालून वेचलेला चिखलमाखला कागद आणि घरातून वेगळा ठेवून दिलेला कोरडा कागद यांच्या भावातला फरक त्यांनी जवळून पाहिला. कचरा घरातच वेगळा झाला तर वेचणारीची कमाई वाढते, तिचे हात कापत नाहीत आणि तिच्या कामाला माणसासारखी वेळ मिळते. पुढे पुण्यात ‘ओला-सुका’ म्हणून जे काही झालं, त्याचं मूळ या साध्या निरीक्षणात आहे.

१९९३ साली हमाल पंचायतीच्या डॉ. बाबा आढावांच्या साथीने या बायकांचं अधिवेशन भरलं आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पंचायतीची पहिली मोठी मागणी पैशाची नव्हती, ओळखपत्राची होती. पोलिसांनी हटकलं, सोसायटीच्या रखवालदाराने चोर म्हटलं, तर दाखवायला काहीतरी हवं. नव्वदीच्या मध्यावर महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. कचरा वेचणं हे काम आहे, असं शहराच्या कारभाराने कागदावर मान्य केलं. मग पतसंस्था आली, स्वतःची भंगाराची दुकानं आली, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आणि आरोग्य विम्यासाठी लढे झाले. पर्यावरणाच्या चर्चेत या गोष्टी सहसा येत नाहीत. मला त्या सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण पुढचं सगळं या पायावर उभं आहे.

२००० च्या घनकचरा नियमांनी दारोदार कचरा गोळा करणं शहरांवर बंधनकारक केलं. बहुतेक शहरांनी ठेकेदार नेमले, गाड्या घेतल्या आणि तोवर कुंडीवर जगणारी माणसं बाहेर फेकली गेली. पुण्यात पंचायतीने उलट प्रस्ताव मांडला: दारोदार जायचंच आहे ना, मग आम्हीच जातो. २००५ मध्ये प्रायोगिक काम झालं, २००७ मध्ये वेचक बायकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. व्यवस्था सोपी आहे. दोघीजणी मिळून ठरावीक घरं करतात, घरमालक महिन्याचे पैसे थेट त्यांच्या हातात देतात आणि सुका माल विकून आलेले पैसेही त्यांचेच. ढकलगाडी, हातमोजे यांसारखी साधनं महापालिकेने द्यायची, वस्त्यांमधल्या कामासाठी अनुदान द्यायचं. ओला कचरा ठरलेल्या ठिकाणी, फीडर पॉइंटवर, महापालिकेच्या गाडीत जातो, सुका शेडमध्ये बसून निवडला जातो.

हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड. माल निवडणं ही विद्या आहे. कागद म्हणजे एक वस्तू नव्हे. वर्तमानपत्राची रद्दी, पांढरा कागद, वह्या, तपकिरी पुठ्ठा यांचे भाव वेगळे. प्लास्टिकमध्ये तर कितीतरी जाती. पाण्याची बाटली एकीकडे, तिचं झाकण दुसरीकडे, दुधाची पिशवी तिसरीकडे. अनुभवी बाई पिशवी दोन बोटांत चुरगाळते आणि आवाजावरून तिची जात सांगते. हे कुठल्या संस्थेत शिकवत नाहीत. शहराचा जेवढा माल त्यांच्या हातून पुन्हा कारखान्याकडे जातो, तेवढा उरुळीला नेण्याचा डिझेलचा, मजुरीचा, जागेचा खर्च महापालिकेचा वाचतो. त्याची पावती मात्र कुणी फाडत नाही.

या व्यवस्थेत दोष नाहीत असं नाही. करार संपला की मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ, असं टांगणीवरचं आयुष्य या बायका जगल्या आहेत. महापालिकेच्या कायम सफाई कामगाराला मिळणारी रजा, निवृत्तिवेतन त्यांना नाही. त्या कायम कामगारांचंही जिणं सुखाचं नाही, हे कामगार युनियनच्या मुक्ता मनोहर यांचं ‘नरक सफाईची गोष्ट’ वाचणाऱ्याला सांगायला नको. शहरातल्या चार-पाच वडापावांच्या किमतीत महिनाभर घराचा कचरा उचलला जातो, आणि तेवढे पैसे द्यायलाही काही घरं पुढच्या आठवड्यात या म्हणतात. पर्यावरणाची काळजी करणाऱ्या माणसाने आधी हे पैसे एक तारखेला द्यावेत, असं माझं स्वच्छ मत आहे.

आता घराच्या आत येऊ. घरातलं सगळं काम तसं काही सेकंदांचं असतं. केळीची साल या डब्यात, बिस्किटाचा पुडा त्या डब्यात. पण त्या काही सेकंदांत आपण एक ओझं आपल्याकडे ठेवतो किंवा दुसऱ्याच्या हातावर टाकतो. सॅनिटरी पॅडचं उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं वापरलेली पॅड्स आणि डायपर उघड्यावर ओल्या कचऱ्यात येत राहिले आणि बायका ते हाताने वेगळे करत राहिल्या. ‘स्वच्छ’ने लाल ठिपक्याची मोहीम सुरू केली. वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. बस्स. त्यासाठी वेचक बायकांनी जुन्या कागदाच्या पिशव्याही बनवल्या. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेली पॅड्स थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवली, कारण माल विकताना त्याच्या शेवटाचा विचार कंपनीने केलेला नव्हता. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत गुंडाळी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली, त्यामागे अशा धक्क्यांचा हात आहे. ठिपका काढायला आजही निम्मी घरं विसरतात, असं आमच्याकडे येणाऱ्या ताई सांगतात. त्या रागावून सांगत नाहीत, हेच मला जास्त लागतं.

दुसरं उदाहरण दुधाच्या पिशवीचं. कात्रीने पिशवीचा कोपरा कापून बाजूला टाकला की तो बोटाच्या पेराएवढा त्रिकोण ओल्या कचऱ्यात, मोरीत, मातीत जातो आणि कधीच सापडत नाही. कोपरा पूर्ण न कापता पिशवीला लटकता ठेवला की तो पिशवीबरोबर परत जातो. पिशवी विसळून वाळवली तर तिला चांगला भाव येतो. एका घरातून दिवसाला दोन पिशव्या, लाखो घरं. ‘सागरमित्र’ अभियानात शाळकरी मुलं घरातलं रिकामं, स्वच्छ, कोरडं प्लास्टिक साठवून शाळेत आणतात. मुलगी पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालते तेव्हा आई-आजीही घालू लागतात. शिक्षकांचा वेळ, शाळेची जागा आणि भंगारवाल्याची फेरी या तीन गोष्टी जिथे जुळल्या, तिथे हे चालू राहिलं.

ओल्या कचऱ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक वजन त्याचंच असतं. ओला कचरा वेगळा राहिला तर ते खत आहे, सुक्यात मिसळला की दोन्ही वाया. पुण्यात गांडूळखताचं वेड नव्वदीतच आलं होतं, डॉ. उदय भवाळकरांनी गांडुळांवर केलेल्या कामाचा त्यात मोठा वाटा. पुढे गॅलरीतल्या बादलीत, ड्रममध्ये खत करणारी हजारो घरं झाली. ज्यांनी अर्ध्यावर सोडलं, त्यांची तक्रार एकच असते: वास येतो, अळ्या होतात. वासाचं कारण बहुतेक वेळा हवा कमी आणि पाणी जास्त हे असतं. भाजीच्या देठांत नायट्रोजन आणि ओल भरपूर, कार्बन कमी. त्यावर वाळलेली पानं, नारळाच्या शेंडीचा भुसा घातला की तोल साधतो. मूठभर मिश्रण पिळून पाहावं. हाताला ओल जाणवावी, पाणी ठिबकू नये. दीड-दोन महिन्यांत मातीचा वास येणारं काळं खत तयार होतं. अळ्या तर मदतनीस आहेत, त्या कचरा झपाट्याने खातात. घाबरायचं असेल तर मिसळलेल्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीला घाबरावं.

इथे अडचण येते ती पानांची. एकीकडे खत करणाऱ्यांना वाळका पाला मिळत नाही, दुसरीकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायट्यांत आणि रस्त्यांवर पाल्याचे ढीग पेटवले जातात. अदिती देवधर यांनी २०१६ मध्ये पुण्यात ‘ब्राउन लीफ’ सुरू केलं ते याच दोन टोकांची गाठ घालायला. ज्याच्याकडे पाला आहे त्याने पोती भरून ठेवायची, ज्याला हवा आहे त्याने न्यायची. कल्पना इतकी साधी, की आधी कुणाला का सुचली नाही असं वाटतं. पण ती चालायला कुणीतरी फोन घ्यावा लागतो, पोती जुळवावी लागतात, माळीकाकांना काडी ओढू नका म्हणून पटवावं लागतं. हे जुळवण्याचं काम दिसत नाही आणि म्हणूनच त्याची किंमत धरली जात नाही.

घरातून सोसायटीकडे आलं की चित्र एकदम बदलतं. खत, सौर ऊर्जा किंवा पावसाचं पाणी जिरवणं, यांतला एक प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतीला पुणे महापालिका करात ५ टक्के आणि दोन चालवणाऱ्याला १० टक्के सवलत देते. नव्या इमारतींना ओला कचरा जिरवण्याची सोय करणं परवानगीच्या अटीतच आहे, आणि २०१६ च्या नियमांनी दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांवर तो जागेवरच जिरवण्याची जबाबदारी टाकली. कागदावर हे भक्कम आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भोगवटा पत्रापुरते बांधलेले हौद आज जुन्या फर्निचरने आणि पाण्याच्या रिकाम्या कॅनांनी भरले आहेत. सौर बंबाचं मात्र बऱ्यापैकी जमलं. तो रोज सकाळी अंघोळीला गरम पाणी देतो, बिल कमी करतो आणि बिघडला तर दुरुस्त करायला गल्लीत माणूस मिळतो. खताच्या हौदाला असा माणूस नसतो. ज्या सोसायट्यांनी खतासाठी महिन्याचे पैसे देऊन माणूस ठेवला, तिथे हौद चालू आहे. ज्यांनी सभासदांच्या पाळीवर सोडला, तिथे दिवाळीपर्यंत चालला.

मगरपट्टा सिटीचं उदाहरण म्हणूनच वेगळं. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपल्या सुमारे ४०० एकर जमिनी एकत्र करून ती वसाहत उभी केली, आणि कचरा वेगळा करणं, खत आणि बायोगॅस हे सुरुवातीपासून वसाहतीच्या देखभालीचाच भाग ठेवलं. जसा लिफ्टवाला, तसा खताचा माणूस. कात्रजला २०११ च्या सुमारास ‘जनवाणी’ संस्था, महापालिका, ‘स्वच्छ’ आणि कमिन्स कंपनी यांनी मिळून शून्य कचरा प्रभागाचा प्रयोग केला. तिथेही खरं काम घरोघर जाऊन पुन्हा पुन्हा सांगण्याचं होतं. फलक लावून वर्गीकरण होत नाही, हे त्या प्रयोगाने दाखवलं.

यंत्रांचं काय? २००९-१० नंतर महापालिकेने शहरात ठिकठिकाणी पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प उभारले. ओला कचरा वॉर्डातच जिरेल, गॅसवर वीज होईल, रस्त्यावरचे दिवे लागतील, असा विचार. विचार चांगलाच होता. पण अनेक प्रकल्प क्षमतेच्या बरेच खाली चालले, काही बंद पडले. पोटात प्लास्टिक आणि खडी गेली की पाचक टाकी बसते. मिश्र कचरा आला की ती आजारी पडते. शेवटी यंत्राचं आरोग्य पुन्हा घरातल्या ओट्याखालीच ठरतं. याच शहरात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारा छोटा घरगुती बायोगॅस तयार केला, त्याला २००६ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. शेणाऐवजी पिठूळ, गोड, सहज पचणारं अन्न दिलं तर टाकी लहान चालते आणि गॅस लवकर मिळतो, हे त्यामागचं सूत्र. ज्या घरात टाकीला रोज खाऊ घालणारं माणूस आहे, तिथे ती चालते. गाय पाळण्यासारखंच ते आहे.

व्यवसायांकडे वळलं तर सर्वांत सोपं आणि सर्वांत परिणामकारक उदाहरण पाण्याच्या ग्लासाचं आहे. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या काही हॉटेलांनी टेबलावर अर्धाच ग्लास पाणी ठेवायला सुरुवात केली. लागलं तर पुन्हा मागा. त्याआधी उरलेलं पाणी मोरीत ओतलं जायचं. खर्च शून्य, मालकाचा टँकर वाचतो. हॉटेलांचा ओला कचरा वेगळ्या गाड्यांतून खत आणि गॅसच्या प्रकल्पांकडे जाऊ लागला तेव्हा असंच झालं. हॉटेलचं खरकटं घरच्या कचऱ्यापेक्षा एकजिनसी असतं, म्हणून ते जास्त नीट चालतं.

प्लास्टिकबंदीची गोष्ट इतकी सरळ नाही. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून अंमल सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड आणि तुरुंगवास. पहिले काही महिने मंडईत कापडी पिशव्या दिसल्या. मग पातळ पिशव्या हळूहळू परतल्या, बहुतेक वेळा कोथिंबीर विकणाऱ्या बाईच्या टोपलीत. दंड तिला बसला, पिशवी बनवणाऱ्या कारखान्याला क्वचित. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. ती नीट अमलात आली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. प्रत्येक पिशवी चलनी नाण्यासारखी कुणीतरी उचलून ठेवली असती. पण पिशव्या परत घेणं, मोजणं, ठेवणं हे डेअरीने करायचं, वितरकाने की दुकानदाराने, हे ठरलं नाही आणि कलम कागदावर राहिलं.

पुण्यातल्या तरुण उद्योजकांनी याच अडलेल्या मालातून वाट काढायचा प्रयत्न केला आहे. ‘रीचरखा’ आणि ‘इकोकारी’ यांनी टाकाऊ पिशव्या धुऊन, पट्ट्या कापून, चरख्यावर सूत करून हातमागावर विणल्या. त्याच्या पिशव्या, पाकिटं झाली. वेफर्सचा चकचकीत पुडा हा तर वेचक बायकांचा शत्रूच. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, सुटे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला तो घेतच नाही. ‘आशाया’ या पुण्यातल्या उद्योगाने २०२३ मध्ये अशा पुड्यांपासून गॉगल बनवून दाखवले. हे प्रयोग मला मनापासून आवडतात. पण गॉगल किती विकणार आणि पुडे किती निघणार? ज्याला भावच नाही असा माल बाजारात आणणाऱ्याने तो परत घेण्याचा खर्चही उचलावा, हे ‘उत्पादकाची वाढीव जबाबदारी’ नावाने कायद्यात आलं आहे. त्या पैशातला योग्य वाटा निवडणाऱ्या बाईच्या हातात पोचला पाहिजे.

खरं म्हणजे टिकाऊपणाचा धंदा या शहरात नवा नाही. स्टीलच्या डब्याच्या बदल्यात जुन्या साड्या नेणारी बोहारीण, त्याच साड्यांची गोधडी शिवणारी आजी, तांबट आळीत ठोके घालून पातेल्याला पुन्हा बूड बसवणारे कारागीर, बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, रफूवाला, छत्री दुरुस्त करणारा. यांना कुणी पर्यावरणवादी म्हटलं नाही, पण वस्तूचं आयुष्य दुप्पट करायचं काम त्यांनीच केलं. आज कपडे इतके स्वस्त आणि इतके कृत्रिम धाग्यांचे झाले आहेत की बोहारणीला त्यातलं निम्मं नको असतं, गोधडीला ते चालत नाही. दुरुस्तीचा माणूस गेला की वस्तू कचरा होते. चौकातल्या टपरीतला मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा या साखळीतला आजचा तांबट आहे, आणि त्याला सुटे भाग मिळू न देणारी कंपनी कचरा वाढवते आहे.

प्रवासाबद्दल थोडक्यात. १ नोव्हेंबर २०१२ ला ‘सकाळ’ वृत्तपत्राने ‘बस डे’ केला, लोक उत्साहाने बसमध्ये चढले आणि दुसऱ्या दिवशी दुचाकीवर परतले, कारण बसची संख्या आणि वेळ पुन्हा होती तीच झाली. २०१७ च्या अखेरीस रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. पंक्चर काढणारा, उचलून ठेवणारा, विचारायला जाता येईल असा माणूस त्या व्यवस्थेत नव्हता. याउलट रिक्षांचं सीएनजीकडे वळणं टिकलं. महापालिकेने किटसाठी १२,००० रुपयांचं अनुदान दिलं, इंधनाचा खर्च कमी झाला आणि रिक्षावाल्याच्या रोजच्या गल्ल्यात तो फरक दिसला.

गणेशोत्सवाने या शहराला बरंच शिकवलं. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) शास्त्रज्ञांनी अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला. साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर पाण्यात घातली की प्लास्टर कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत राहतं. महापालिकेने पावडर फुकट वाटली, कितीतरी घरांनी बादलीत विसर्जन केलं. दुसरी वाट शाडूची. पण शाडूची मातीही लांबून, बहुतेक गुजरातेतून येते आणि दरवर्षी नदीत सोडली तर तीही संपणार. ‘इकोएक्झिस्ट’ आणि सोबतच्या संस्थांनी सुरू केलेल्या ‘पुनरावर्तन’ मोहिमेत लोक घरी विसर्जन करून वाळलेली माती गोळा करतात आणि ती मूर्तिकारांकडे परत जाते. पुढच्या वर्षी त्याच मातीचा गणपती. विसर्जनाचा मूळ अर्थ मला या मातीच्या गोळ्यात जास्त जाणवतो. ‘जीवितनदी’ संस्थेची माणसं मुळा-मुठेच्या काठी हेच दुसऱ्या बाजूने सांगतात: मोरीत जाणारा फेस शेवटी नदीत जातो, म्हणून आधी घरातला साबण आणि फिनेल बघा. दर रविवारी एकच काठ दत्तक घेऊन तिथे जात राहणं, ही त्यांची चिकाटी आहे.

पुण्याबाहेर पाहिलं तर वेंगुर्ल्यासारख्या छोट्या गावाने मोठ्या शहरांना लाजवलं. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचरा कितीतरी प्रकारांत वेगळा होऊ लागला आणि डंपिंगच्या जागी लोक फिरायला येऊ लागले. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेली रहिवाशांच्या व्यवस्थापनाची चळवळ, स्त्री मुक्ती संघटनेचा परिसर विकास प्रकल्प, भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांचा ‘निसर्गऋण’ बायोगॅस, हे सगळं पुण्याच्या बरोबरीने किंवा आधीही झालं. गाव लहान असलं की अधिकाऱ्याला प्रत्येक गल्ली पायी फिरता येते. मोठ्या शहरात ते पाय वेचक बायकांचे असतात.

आणि त्या पायांना टेकायला जागा नाही. या प्रश्नात आज सर्वांत दुर्लक्षित गोष्ट माझ्या मते ही आहे. सकाळभर दोनशे घरं केल्यावर माल निवडायला बसायचं कुठे? शेड थोड्या, भरलेल्या, कधी हलवलेल्या. म्हणून पुष्कळजणी फुटपाथवर, पुलाखाली, झाडाच्या पारावर बसून निवडतात, आणि मग त्याच रहिवाशांची तक्रार येते की रस्त्यावर घाण होते. पावसाळ्यात पुठ्ठा भिजतो. भिजलेल्या मालाचं वजन भंगारवाला कापून घेतो आणि दिवसाची कमाई एका सरीत जाते. नव्या इमारतीत दोन-दोन मोटारींना जागा ठेवली जाते, पण शंभर-दोनशे फुटांची निवडायची खोली नकाशात नसते.

आमच्या सोसायटीत जनरेटरच्या खोलीशेजारी पत्र्याची एक जागा आहे. तुटक्या कुंड्या आणि कुणाची तरी जुनी सायकल तिथे पडून होती. गेल्या सर्वसाधारण सभेत ती आमच्या ताईंना निवडायला द्यावी असा ठराव आला. वास येईल, उंदीर होतील, अशा शंका निघाल्या. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की गेली नऊ वर्षं ताई हेच काम समोरच्या फुटपाथवर करतात, तेव्हा वास कुणाला आला होता. ठराव मंजूर झाला. जागा धुऊन झाली आहे, दिवा बसला आहे, नळाची जोडणी राहिली आहे. छपराला उत्तरेच्या बाजूने पन्हळ लावायची आहे, ती जूनच्या आधी लागली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात पुठ्ठा भिजेल.